कुमारचा हात आणि क्लबची फाईल

मंडळी, आजचा विषय लांबचा आहे आणि पोस्टही लांब झालीय. बेसबॉल. आपल्याकडे हा खेळ शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत दिसतो, त्यापलीकडे फारसा कुणाला माहीत नाही. पण मला सांगायचंय ते खेळापेक्षा भरतीबद्दल आहे. भरती म्हटलं की आपल्या भागात सगळ्यांचे कान टवकारतात, म्हणून सवडीने वाचा.

पोराचं नाव कुमार रॉकर. नीट वाचा, कुमार हे पहिलं नाव. आई भारतीय वंशाची. वडील ट्रेसी रॉकर हे अमेरिकन फुटबॉलमधलं मोठं नाव. ऑबर्न विद्यापीठाकडून खेळताना १९८८ साली त्यांनी आउटलँड आणि लोम्बार्डी ही दोन्ही मानाची पारितोषिकं एकाच हंगामात पटकावली होती. म्हणजे अंगकाठी घरातूनच आलेली. कुमारचा जन्म १९९९ चा, उंची सहा फूट पाच इंच, उजव्या हाताचा पिचर.

क्रिकेटवाल्यांसाठी दोन ओळी. पिचर म्हणजे आपला बोलर, पण तो धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, एक पाय उचलतो आणि पुढे झेपावत चेंडू अक्षरशः फेकतो. समोर ६० फूट ६ इंचांवर फलंदाज. टप्पा नाही, थेट. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की बोलरची अॅक्शन संशयास्पद ठरते. इथे कोपराचा तो झटका हाच सगळा धंदा. फलंदाज तीन स्ट्राइकमध्ये गेला की स्ट्राइकआउट. आणि अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही तर नो-हिटर. पिचरच्या आयुष्यात अशी गोष्ट एकदा घडली तरी लोक नाव काढतात.

कुमारने ती पहिल्याच वर्षी केली. २०१८ साली शाळेतून बाहेर पडताना कोलोराडो रॉकीज संघाने त्याला ३८व्या फेरीत निवडून ठेवलं होतं, पण तो गेला नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात. ८ जून २०१९, समोर ड्यूक विद्यापीठ. आदल्या सामन्यात व्हँडरबिल्ट हरलेलं, हाही हरला असता तर हंगाम तिथेच संपला असता. एकोणीस वर्षांच्या या पोराने एकही हिट दिली नाही आणि १९ जणांना स्ट्राइकआउट केलं. कॉलेज स्पर्धेच्या त्या टप्प्यावर, ज्याला सुपर रीजनल म्हणतात, असा नो-हिटर त्याआधी कुणी टाकलेला नव्हता. पुढे व्हँडरबिल्टने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि अंतिम स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडूही कुमारच ठरला.

त्या रात्री त्याने किती चेंडू फेकले? १३१. मोठ्या लीगमध्ये शंभराच्या आसपास गेलं की कोच उठून मैदानात येतो. तिथे तो कोच लाखो डॉलरचा हात सांभाळत असतो. कॉलेजात हा हात फुकटचा होता. हे मी चिडून म्हणत नाही, हिशोबाने म्हणतोय. त्या काळात अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या कॉलेज बेसबॉल संघाला एकूण ११.७ शिष्यवृत्त्या वाटता यायच्या. संघात पोरं पस्तीसच्या घरात. म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला तुकडे. स्वतःच्या नावावर, फोटोवर जाहिरातीतून पैसे कमवायला बंदी. ती बंदी उठली १ जुलै २०२१ रोजी. कुमारचा कॉलेजचा शेवटचा सामना झाला ३० जून २०२१ रोजी. अंतिम फेरी, मिसिसिपी स्टेटविरुद्ध, आणि तो हरला. एका दिवसाने हुकलं. नशीब म्हणा, दुसरं काय.

आता स्काउट या जमातीबद्दल. प्रत्येक क्लबचे हे लोक वर्षभर गाड्या हाणत शाळा-कॉलेजांची मैदानं फिरतात. होम प्लेटमागच्या जाळीआड बसतात, हातात रडार गन. प्रत्येक गुणाला २० ते ८० मध्ये मार्क देतात. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. वेग, वळण, अचूकता, हाताची फेक, खांद्याची ठेवण. पोराच्या स्वभावालाही शेरा असतो, त्याला ते लोक 'मेकअप' म्हणतात. मला हा शब्द फार आवडला. आपल्याकडे निवड समितीच्या फाईलवर स्वभावाबद्दल लिहिलं जातच असेल, फक्त त्याला इतकं गोंडस नाव नाही.

कुमारचं पुस्तक तीन वर्षं सगळ्यांसमोर उघडं होतं. चांगल्या दिवशी ताशी ९७-९८ मैल, म्हणजे १५६-१५८ किलोमीटर. जोडीला खाली पडणारा जबरदस्त स्लायडर. २०२१ च्या हंगामात १२२ इनिंगमध्ये १७९ स्ट्राइकआउट. त्याच संघात जॅक लायटर नावाचा दुसरा तेज पिचर, त्यामुळे व्हँडरबिल्टच्या सामन्यांना स्काउटांची जत्रा भरायची. मात्र त्याच हंगामात मध्येच कुमारचा वेग काही सामन्यांत घसरला आणि मग परत आला. तेवढ्यावरून कुजबुज सुरू झाली. हात दुखतोय का? लपवतोय का?

ही कुजबुज उगाच नसते. वेग आणि दुखापत यांचं नातं आता लीगनेच कबूल केलंय. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने पिचरच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यातले आकडे बघा. मोठ्या लीगमधला फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ साली ताशी ९१.३ मैल होता, २०२४ ला ९४.२ झाला. कोपरातला स्नायुबंध फाटला की जी शस्त्रक्रिया करतात तिला टॉमी जॉन सर्जरी म्हणतात. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी ज्या पिचरवर ती पहिल्यांदा केली त्याचंच हे नाव. शरीरातल्याच दुसऱ्या जागेची शीर काढून कोपरात ओवतात आणि पोरगं वर्ष-दीड वर्ष घरी बसतं. मोठ्या आणि खालच्या लीग मिळून अशा शस्त्रक्रिया २०१० ला १०४ झाल्या, २०२० ला ३१४. अहवालाचा निष्कर्ष सरळ आहे: जास्तीत जास्त वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू जीव काढून फेकणं, यात हात जातात.

हे वाचून मला हसूही आलं आणि रागही. वेगाला भाव कुणी दिला? पंधरा वर्षांचं पोरगं रडार गन बघून फेकतं, कारण जाळीमागे गन धरून बसलेला माणूस पेपरावर तोच आकडा पहिला लिहितो. ज्यांनी बाजार मांडला त्यांनीच पुढे अहवाल काढला की बाजारात गर्दी फार झाली.

असो. ११ जुलै २०२१. ड्राफ्टचा दिवस. ड्राफ्ट म्हणजे काय, तर १९६५ पासून तिकडे नव्या खेळाडूला क्लब निवडता येत नाही, क्लब त्याला निवडतो. ३० क्लब क्रमाने नावं उचलतात. तुझं नाव ज्याने उचललं, त्या मोसमात बोलणी फक्त त्याच्याशी. दुसरीकडे जास्त पैसे मिळत असले तरी जाता येत नाही. आपल्या आयपीएलच्या लिलावात निदान बोली वर जाते. इथे बोलीच नाही. वरच्या फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला लीगने एक रक्कम लावून दिलेली, तिला स्लॉट म्हणतात.

न्यूयॉर्क मेट्सने दहाव्या क्रमांकावर कुमारला उचललं. स्लॉट साधारण ४७ लाख डॉलरचा, पण बोलणी ६० लाखांवर ठरल्याच्या बातम्या आल्या. त्या वेळच्या दराने ४४-४५ कोटी रुपये. फक्त मेडिकल बाकी होतं.

आणि मेडिकलला गाडी अडली. मेट्सला त्याच्या हातात काहीतरी दिसलं. काय, ते त्यांनी जाहीर केलं नाही. कुमारचे एजंट स्कॉट बोरास यांचं म्हणणं, आमच्याकडे नामवंत सर्जनांचं मत आहे, पोरगा ठणठणीत आहे. सहीची मुदत १ ऑगस्टला संपत होती. ती संपली. मेट्सने कराराचा प्रस्तावच दिला नाही.

त्याच दिवशी मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन यांनी ट्विट केलं. हे गृहस्थ हेज फंडवाले, अब्जाधीश. त्याचा आशय असा: ड्राफ्टमधून घेतलेला खेळाडू क्लबला त्याच्या किमतीच्या पाचपट मोबदला देऊ शकतो, आणि असा परतावा देणाऱ्या गुंतवणुकीला मी कधी नाही म्हणत नाही. म्हणजे, मी नाही म्हटलं त्याअर्थी समजून घ्या.

एकवीस वर्षांच्या पोराबद्दल हे जगासमोर लिहिलं. माझा मुद्दा सभ्यतेचा नाही. तेवढी अपेक्षा मी आपल्या पुढाऱ्यांकडूनही ठेवत नाही, कोहेनसाहेबांकडून कुठून ठेवू? माझा मुद्दा त्यातल्या आकड्याचा आहे. पाचपट. मालकाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं की हा सौदा जमला तर क्लबचा फायदा पाचपटीपर्यंत जातो. मग सौदा फसण्याची जोखीम कुणाच्या अंगावर असायला हवी? नियमाने ती ठेवली होती पोराच्या अंगावर, पूर्णच्या पूर्ण. सही झाली नाही म्हणून मेट्सला पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये अकरावा क्रमांक भरपाई म्हणून मिळाला. २०२२ ला त्यांनी त्यावर जॉर्जिया टेकचा कॅचर केव्हिन पराडा याला घेतलं. क्लबचा माल नापसंत, तर दुकानाने वर्षभराने जवळपास त्याच भावाचा दुसरा माल दिला. कुमारला काय मिळालं? लगेच दुसऱ्या क्लबशी बोलायची मुभासुद्धा नाही. पुढच्या जुलैपर्यंत थांब, परत रांगेत उभा राहा. आणि आता तुझ्या नावाला 'मेडिकलला नापास' हा शिक्का चिकटलाय.

इथे दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत. ड्राफ्टच्या आधी निवडक पिचरांसाठी एमआरआयची सोय होती. त्यात भाग घेतला असता तर कुमारला थोडं संरक्षण मिळालं असतं: क्लबने किमान ठरलेली रक्कम देऊ केली नाही, तर मोकळं होऊन कुणाशीही बोलता आलं असतं. त्याने भाग घेतला नाही. एजंटांचं गणित असं असतं की फिल्म आधी दाखवली तर तीस क्लब त्यात खोट शोधतात आणि भाव पडतो. गणित चलाखीचं होतं. यात उलटलं, आणि उलटलं तेव्हा एजंटचे बाकीचे शंभर अशील शाबूत होते, हात एकाचाच होता. तो व्हँडरबिल्टला परत जाऊन आणखी एक वर्ष खेळू शकला असता, तेही त्याने नाकारलं. त्याचा निर्णय. बिनपगारी आणखी शे-सव्वाशे इनिंग फेकायच्या का, हे ठरवायचा हक्क त्याचाच होता.

आता पुढचं ऐका, कारण इथेच लोक घाईने निकाल देतात. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये कुमारच्या खांद्यावर छोटी शस्त्रक्रिया झाली, हे नंतर बाहेर आलं. २०२२ च्या उन्हाळ्यात तो ट्राय-सिटी व्हॅलीकॅट्स नावाच्या छोट्या स्वतंत्र संघाकडून मोजके सामने खेळला. मोठ्या लीगच्या कुठल्याही क्लबशी संलग्न नसलेला संघ, पण जाळीमागे परत तीच मंडळी गन घेऊन हजर. जुलैमध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला घेतलं, थेट तिसऱ्या क्रमांकावर. दहावरून तीनवर! रेंजर्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर ख्रिस यंग स्वतः माजी पिचर आहेत, दुखऱ्या खांद्याची ओळख त्यांना कागदावरून करून घ्यावी लागत नाही. ५२ लाख डॉलरवर सही झाली. त्या क्रमांकाचा स्लॉट ७६ लाखांच्या आसपास होता, म्हणजे जोखमीची किंमत रेंजर्सनेही कापूनच घेतली. पण घेतली समोरासमोर, आणि पोराच्या हातात पैसे ठेवून.

मे २०२३ मध्ये कुमारचं कोपर गेलं. टॉमी जॉन.

'बघा, मेट्स बरोबर होते' असं तेव्हा पुष्कळांनी लिहिलं. असतीलही. त्यांच्या डॉक्टरांनी जे पाहिलं ते खरं असेल. पण वरचे आकडे आठवा. वर्षाला तीनशेच्या घरात पिचर त्या टेबलावर झोपतात, त्यातले बहुतेक सहीच्या वेळी पासच झालेले असतात. जो वेगाने फेकतो त्याचा हात कधी ना कधी बोलतो, ही गोष्ट त्या धंद्यात कुणालाच नवी नाही. म्हणून माझा प्रश्न डॉक्टर बरोबर होते का हा नाहीच. क्लबने नाही म्हणावं, तो त्यांचा पैसा आहे. पण नाही म्हणताना पोराला दुसऱ्या दारात जायला मोकळं सोडावं. 'आम्ही घेणार नाही, दुसऱ्यालाही घेऊ देणार नाही, आणि आम्हाला भरपाई द्या', या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कशा चालतात?

आपल्याकडचं एक उदाहरण देतो, मग पुढे जातो. आपल्या तालुक्यात पहाटे साडेचारला हायवेच्या कडेने पळणारी पोरं तुम्ही रोज बघता. सैन्यभरतीत ग्राउंड निघतं, आणि मेडिकलला कधी गुडघा, कधी कान, कधी डोळा यावर गडी बाहेर. मी अशा पोरांच्या बातम्या केल्यात, त्यांचे चेहरे मला माहीत आहेत. पण त्या पोरालाही अनफिट का, हे कारण सांगितलं जातं आणि लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मागता येते. ४५ कोटींच्या पोराला ती सोय नव्हती. क्लबचे डॉक्टर एक म्हणत होते, त्याचे डॉक्टर दुसरं, आणि निवाडा करणारा तिसरा माणूसच नव्हता.

असं का, याचं उत्तर नियम कोण करतं यात आहे. ड्राफ्टचे नियम ठरतात क्लबमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्या करारात. संघटना आधीच आत असलेल्यांची. ज्या पोरांवर ड्राफ्टचा नियम लागतो, ती अजून संघटनेची सभासदच नसतात. बाहेर उभ्या असलेल्याच्या भाकरीचे वाटे आत बसलेले दोघे करतात. आत असलेल्या खेळाडूलाही त्यात फारसं दुःख नसतं, नव्या पोरांवरचा खर्च कमी झाला तर तो आपल्याकडे वळेल ही आशा असते. आपल्याकडे कायम कामगारांची युनियन कंत्राटी पोरांसाठी कितपत भांडते, हे एमआयडीसीत काम केलेल्याला सांगायला नको.

कुमार शेवटी पोचला. शस्त्रक्रियेनंतर १२ सप्टेंबर २०२४ रोजी सिॲटलमध्ये त्याने मोठ्या लीगमधला पहिला सामना टाकला. चार इनिंग, सात स्ट्राइकआउट. त्याचा जुना जोडीदार जॅक लायटरही तोवर त्याच क्लबात होता. नंतरचा रस्ता सरळ नाही, २०२५ मध्ये त्याला काही काळ खालच्या लीगमध्ये पाठवलं होतं. तो मोठा पिचर होईल का, हे मला सांगता येणार नाही आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. तो उद्या शंभर सामने जिंकला तरी २०२१ चा नियम चुकीचाच होता, आणि एकही जिंकला नाही तरी चुकीचाच.

नियम बदलला, हे मात्र नोंदवलं पाहिजे. २०२२ च्या नव्या करारात ठरलं की पहिल्या ३०० संभाव्य खेळाडूंपैकी जो ड्राफ्टआधी पूर्ण वैद्यकीय तपासणी करून घेईल, त्याला निवडणाऱ्या क्लबने स्लॉटच्या किमान ७५ टक्के रक्कम देऊ करायची, आणि नंतर मेडिकलला नापास म्हणून हाकलायचं नाही. कुमारच्या प्रकरणानंतर हे झालं, तेव्हा त्याचा उपयोग इतरांना झाला असं म्हणू.

माझ्या मते हा बदल अर्धा आहे. पोराने आपला खांदा, कोपर, जुन्या दुखापती सगळं आधी उघडं करायचं. क्लबने आपल्याकडचं काय उघडं करायचं? आमच्याकडे आलेल्या गेल्या दहा वर्षांतल्या किती पिचरांची कोपरं गेली, कितव्या महिन्यात गेली, आम्ही त्यांच्याकडून दिवसाला किती चेंडू फेकून घेतो, हे कुठल्या एकवीस वर्षांच्या पोराला सही करण्याआधी फाईल उघडून दाखवतात? त्याला तर क्लब निवडायचाही हक्क नाही. आणि ३०० चा आकडा बघा. ड्राफ्ट आता २० फेऱ्यांचा आहे, ३० क्लब, म्हणजे सहाशेच्या आसपास नावं पुकारली जातात. यादीतल्या तीनशेएकाव्या पोरासाठी २०२१ चाच नियम चालू आहे.